दिवाळीचे पार्सल अडते कुठे?

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात असलेल्या पिंपळनेरला रेल्वे नाही. इंटरनेटवर माल विकणाऱ्याने येथे टपालात दिलेले पार्सल आधी रस्त्यानेच बाहेर पडते. त्याचा वेळ मात्र प्रवासापेक्षा थांब्यांवर अधिक जातो. टपाल कार्यालयात पिशवी बांधली जाते. वर्गवारी केंद्रात ती उघडून पार्सले पिनकोडनुसार वेगळी होतात आणि पुन्हा नव्या पिशवीत भरली जातात. दिवाळीत आवक वाढते, त्यात सुट्टी येते. एक गाडी चुकली की पुढच्या गाडीपर्यंत मुक्काम ठरलेला!

श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली, १५ ऑगस्ट १९७२ पासून अमलात आलेली पिनकोड पद्धत येथे निर्णायक ठरते. सहा आकड्यांपैकी पहिले तीन वर्गवारीचा जिल्हा, तर शेवटचे तीन वाटप करणारे कार्यालय दर्शवितात. पहिल्या तिनांत चूक झाल्यास पार्सल भलत्याच जिल्ह्याची वाट धरते.

भाऊबीज उलटल्यावर आलेला आकाशकंदील कोण घेणार? व्यवहार 'कॅश ऑन डिलिव्हरी'चा असेल, तर ग्राहक तो सरळ नाकारतो आणि जाण्यायेण्याचा खर्च बहुधा विक्रेत्याच्याच माथी बसतो. म्हणून असा माल वसुबारसेच्या किमान आठवडाभर आधी, तोही त्या दिवसाची पिशवी बंद होण्यापूर्वी, टपालात पडलेला बरा.