भूत खोटं, भीती खरी

मला भयपट आवडतात असं सांगितलं, की हमखास एक प्रश्न येतो, 'म्हणजे तुमचा भुतांवर विश्वास आहे?' मी 'नाही' म्हणतो. मग समोरचा आणखीच गोंधळतो. विश्वास नाही, तर पैसे मोजून घाबरायला कशाला जायचं? प्रश्न रास्त आहे. गेली चाळीसएक वर्षं मी भयपट पाहतो आहे आणि त्याचं उत्तर मला थोडं थोडं सापडत गेलं आहे.

जुन्या हिंदी चित्रपटांतलं भूत मोठं अदबशीर असे. कमाल अमरोहींचा 'महल' १९४९ सालचा. 'बीस साल बाद' १९६२ चा आणि राज खोसलांचा 'वह कौन थी' १९६४ चा. धुकं, ओसाड हवेली, पांढऱ्या साडीतली बाई असा सगळा सरंजाम तिन्हींत आहे. पण शेवटी कळतं, की भूत नव्हतंच. 'महल'मधली ती गूढ स्त्री माळ्याची मुलगी निघते. बाकी दोन्हींतही डाव माणसाचाच असतो. प्रेक्षक घाबरतो आणि शहाणा होऊन घरी जातो.

या चित्रपटांनी मला एक गोष्ट शिकवली. भीती आधी कानातून शिरते. 'महल'मधलं लताबाईंचं गाणं दुरून जवळ येत गेल्यासारखं वाटतं. आजच्यासारखी ध्वनिमुद्रणाची साधनं तेव्हा नव्हती. लताबाईंनी मायक्रोफोनपासून लांब उभं राहून सुरुवात केली आणि गात गात त्या जवळ आल्या. तिकडे हिचकॉकच्या 'सायको'मध्ये (१९६०) स्नानगृहातल्या खुनाला आधी संगीतच नको असं दिग्दर्शकाला वाटत होतं. संगीतकार बर्नार्ड हरमननं व्हायोलिनचे ते किंचाळणारे सूर रचले आणि प्रसंग अजरामर झाला. त्यातलं रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप होतं. चित्रपट कृष्णधवल, त्यामुळे कुणाला कळलं नाही. भयपट पाहताना फारच भीती वाटली तर लोक डोळे मिटतात. त्यांनी कानांत बोटं घालून पाहावीत.

मग आले रामसे बंधू, आणि भुताची अदब संपली. फाळणीनंतर कराचीहून मुंबईला आलेलं हे कुटुंब. तिकडे त्यांचं रेडिओचं दुकान होतं. वडील एफ. यू. रामसे यांनी १९७० साली काढलेला 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हा चित्रपट पडला. पण पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून चोरी करतात, तेवढा एक प्रसंग लोकांना आवडतो आहे, हे मुलांनी हेरलं. त्यातून १९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' तयार झाला. सगळं बिऱ्हाड महाबळेश्वरला नेऊन चित्रीकरण उरकलं. एक भाऊ कॅमेऱ्यावर, एक आवाजाकडे, एक संकलनाला, दोघे दिग्दर्शनाला, असा घरचाच कारखाना. त्यांच्या चित्रपटात भूत शेवटी खोटं ठरत नाही. ते खरंच असतं, केसाळ असतं आणि भरपूर वेळ दिसतं.

'पुराना मंदिर' (१९८४) मी गणपतीत पाहिला. वर्गणी काढून व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्यानं आणायचा, रात्रभरात तीन चित्रपट संपवायचे, अशी पद्धत होती. अनिरुद्ध अग्रवाल यांचा तो उंचनिंच सामरी पडद्यावर आला आणि आम्ही पोरं एकमेकांच्या अंगावर पडलो. पुढच्याच प्रसंगात जगदीप यांनी 'शोले'ची नक्कल सुरू केली आणि आम्ही हसून लोळलो. पहाटे तिसऱ्या चित्रपटातलं भूत ऐन रंगात असताना माझी आजी शांतपणे म्हणाली, 'मेल्याचा रंग मानेपाशीच संपलाय बघ.' त्यानंतर त्या भुताची भीती कुणालाच वाटली नाही. मजा मात्र दुप्पट झाली.

बटबटीत भयपटाचं सुख ते हेच. त्याची शिवण दिसते. कुठे दोरा, कुठे मुखवटा, कुठे लाल रंग, सगळं कळतं आणि तरी दचकायला होतं. महेश कोठारेंच्या 'झपाटलेला'तला (१९९३) तात्या विंचू हा रामदास पाध्यांनी घडवलेला बाहुला. त्याला पाहून आम्ही पोट धरधरून हसलो. घरी आल्यावर धाकट्या बहिणीची बाहुली मात्र मी गुपचूप कपाटात ठेवली.

पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा हिशेब पुरा होणार नाही. त्या गणपतीनंतर वर्षाभरात आमच्या गल्लीतली एक सून बाळंतपणानंतर विचित्र वागू लागली. झोपेना, स्वतःशीच बोले, बाळाला जवळ घेईना. 'बाहेरचं आहे,' असं ठरलं. मांत्रिक आला. तिचे केस मोकळे सोडले आणि खोली बंद करून मिरच्यांची धुरी दिली. आम्ही पोरं दाराच्या फटीतून पाहत होतो. मी घाबरलो होतो आणि, आज सांगायला लाज वाटते, मला मजाही येत होती. मोकळे केस, धूर, किंकाळी, मंत्र. हे सगळं मी पडद्यावर पाहिलेलं होतं.

आजी आली. तिनं आम्हाला बाजूला सारलं, दार उघडायला लावलं, खिडकी सताड उघडली आणि म्हणाली, 'आजारी आहे पोर. दवाखान्यात न्या.' नेलं. काही महिन्यांनी ती बरी झाली. बाळंतपणानंतर असा मानसिक आजार होऊ शकतो आणि उपचारांनी तो बरा होतो, हे मला पुष्कळ नंतर कळलं. आजीलाही त्याचं नाव ठाऊक नव्हतं. पण जिला पडद्यावरच्या भुताचा रंग दिसला, तिला खोलीतलं माणूसही दिसलं.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर लगेच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळानं कायदा केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा आता महाराष्ट्रात गुन्हा आहे. ती यादी वाचताना मला ती बंद खोली आठवली.

तेव्हापासून भयपट पाहताना माझी एक कसोटी असते. घाबरवून झाल्यावर हा चित्रपट कुणाच्या बाजूनं उभा राहतो? रामगोपाल वर्मांचा 'भूत' (२००३) मला फार आवडतो. हवेली सोडून त्यांनी भीती मुंबईतल्या उंच इमारतीच्या फ्लॅटमध्ये आणली, एकही गाणं ठेवलं नाही आणि ऊर्मिला मातोंडकरांनी कमाल केली. पण त्यातही डॉक्टर हरतो आणि मंत्र जाणणारी बाई जिंकते, हे मला दर वेळी खटकतं. खटकतं आणि तरी मी तो पुन्हा पाहतो. आवडीला सगळंच पटलं पाहिजे असं नसतं.

अलीकडचे दोन चित्रपट मात्र या कसोटीला उतरले. विशाल फुरियांच्या 'लपाछपी'त (२०१७) पूजा सावंत गरोदर आहे आणि भोवती माणसाहून उंच ऊस. भुतं आहेत, पण अंगावर काटा येतो तो मुलगी नको असणाऱ्या जिवंत माणसांमुळे. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'ला (२०१८) प्रेरणा नारायण धारपांच्या कथेची. त्यातला हस्तर भयंकर आहेच, पण त्याच्या तोंडी पुन्हा पुन्हा जाणारी माणसाची हाव त्याहून भयंकर आहे. २०२४ साली 'तुंबाड' पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्यानं पहिल्या वेळेपेक्षा अधिक गल्ला जमवला. मीही पुन्हा गेलो. सगळं माहीत असूनही खुर्चीचा हात घट्ट धरला.

तर पैसे मोजून घाबरायला कशाला जायचं? एक तर भीती सुखरूप जागी अनुभवता येते. छाती धडधडते, आणि दिवे लागले की शेजारचा अनोळखी माणूसही आपल्याकडे पाहून ओशाळं हसतो. दुसरं म्हणजे, भीती तयार कशी करतात हे सरावानं कळू लागतं. आवाज कुठून आला, अंधार कुणी केला, रंग कुठे संपला, हे शोधण्याची डोळ्याला सवय लागते. ही सवय चित्रगृहाबाहेरही कामाला येते. कुणी एखाद्या बाईकडे बोट दाखवून 'बाहेरचं आहे' म्हणालं, की आधी खिडकी उघडावी, हे मला आजीनं शिकवलं. भयपटांनी त्याची उजळणी करून घेतली.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)