आरोग्यसेवा आणि तंत्रज्ञान, लेखांक ७ : पाळीतली आभासी विश्रांती

आभासी विश्रांती म्हणजे डोळ्यांवर बांधलेल्या संचातून चहूबाजूंनी दिसणारे शांत दृश्य आणि त्याच्या जोडीचे ध्वनी यांच्या मदतीने काही मिनिटांत शरीर व मन सैल करण्याची पद्धत. या संचाला ‘व्हीआर हेडसेट’ म्हणतात. रुग्णालयात तो आधी आला रुग्णांसाठी. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि सहकाऱ्यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी ‘स्नोवर्ल्ड’ हे बर्फाळ आभासी जग तयार केले. जखमेची पट्टी बदलताना लक्ष वेदनेवरून हटावे, हा त्यामागचा हेतू. कोविडच्या साथीत हेच साधन रुग्णसेवा करणाऱ्यांसाठीही वापरले गेले.

ताण कुठून येतो

ताण कसा साठतो, हे पाहण्यासाठी जालना जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. आठ तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेएकोणीस लाखांवर होती. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय अशा पायऱ्या चढत अवघड रुग्ण जिल्हा रुग्णालयात पोचतो. अडलेली बाळंतीण, सर्पदंश, फवारणीतून झालेली विषबाधा, महामार्गावरचा अपघात, पोलाद कारखान्यात भाजलेला कामगार असे रुग्ण वेळ सांगून येत नाहीत. सोबत घाबरलेले नातेवाईक असतात आणि त्यांच्या प्रश्नांना पहिले तोंड द्यावे लागते ते सिस्टर, निवासी डॉक्टर आणि कक्षसेवकांना.

अशा वेळी अनुकंपी चेतासंस्था जागी होते. नाडी व श्वास जलद होतात, स्नायू ताठरतात, ॲड्रेनॅलीन आणि कॉर्टिसॉल वाढतात. प्रसंग निभावण्यासाठी हे आवश्यकच आहे. अडचण होते ती एका प्रसंगातून सावरण्याआधी दुसरा उभा राहतो तेव्हा. रात्रपाळीमुळे झोप मोडते आणि शरीराची भरपाई राहून जाते. कामाच्या ठिकाणचा दीर्घ ताण आटोक्यात न आल्याने येणाऱ्या थकव्याला जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ म्हणून कामाशी निगडित अवस्थांत नोंदवले. त्याला आजार म्हटलेले नाही.

हेडसेटच्या आधीचे शवासन

शरीर जाणीवपूर्वक सैल केल्याने काय घडते, याचा अभ्यास महाराष्ट्रात हेडसेटच्या कितीतरी आधी झाला. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवर शवासनाचा प्रयोग केला. त्याचा निबंध १९६९ मध्ये ‘अँजिऑलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अनेक रुग्णांचा रक्तदाब त्यात उतरलेला आढळला. संथ श्वास आणि स्थिर लक्ष यांमुळे शरीराला विसावा देणाऱ्या परानुकंपी चेतासंस्थेचा प्रभाव वाढतो. मात्र शवासनाला सराव लागतो. वॉर्डातून नुकत्याच उठून आलेल्या माणसाने डोळे मिटले, तर आतमध्ये वॉर्डच चालू राहतो.

हेडसेटची मदत होते ती इथे. तो आजूबाजूचे दृश्य झाकून टाकतो. आतील संवेदक मानेची हालचाल टिपतात आणि दृश्य तिच्याबरोबर फिरते, त्यामुळे आपण तिथेच आहोत असे मेंदूला वाटते. निसर्गदृश्याचाही स्वतंत्र वाटा असतो. रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये दाखवले, की खिडकीतून झाडे दिसणाऱ्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांना विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा तीव्र वेदनाशामके कमी लागली आणि ते लवकर घरी गेले.

पुरावा किती

नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे कोविडकाळात अतिदक्षता विभागातील परिचारिकांनी ‘व्हीरिलॅक्स’ हा कार्यक्रम वापरला. सुमारे दहा मिनिटांनंतर त्यांनी स्वतः नोंदवलेला ताण ४० टक्क्यांच्या आसपास कमी झाला होता. अमेरिकेतील ओहायो राज्यात १०२ आरोग्य कर्मचाऱ्यांना तीन मिनिटांचे निसर्गदृश्य दाखवले, तेव्हाही ताणाचे गुण उतरले. दोन्हींत मोजमाप लगेच आधी आणि लगेच नंतरचे आहे. त्यावरून तात्पुरता उतार दिसतो. बर्नआउट टळतो, असे सिद्ध होत नाही.

वापराची रीत

साधनापेक्षा व्यवस्था महत्त्वाची. वॉर्डापासून थोडी दूर, फोन नसलेली खोली आणि एक स्थिर खुर्ची पुरते. दृश्य टिपताना कॅमेरा तिपाईवर स्थिर हवा. डोळ्यांना गती दिसली आणि कानातील तोलाच्या इंद्रियाला ती जाणवली नाही, तर मळमळ होते. अपस्मार किंवा चक्कर येण्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच हेडसेट वापरावा. प्रत्येक वापरानंतर चेहऱ्याला टेकणारा भाग निर्जंतुक करावा, कारण रुग्णालयात संसर्ग पसरवणारी आणखी एक वस्तू परवडत नाही. संच काढल्यावर दोन मिनिटे बसून मगच सुईला किंवा औषधाला हात लावावा.

दृश्य परदेशी किनाऱ्याचेच हवे असे नाही. जालना शहराला पाणी देणारा निजामकालीन घाणेवाडी तलाव ३६० अंशांच्या कॅमेऱ्याने पहाटे टिपता येतो. श्वासाच्या सूचना मराठीत असल्या, तर त्या मनात भाषांतर न करता पाळता येतात.

मर्यादा

रिकामी पदे, सलग पाळ्या आणि मारहाणीची भीती हेडसेटने जात नाही. पदे भरावी लागतात, पाळ्यांची आखणी बदलावी लागते आणि डॉक्टर-कर्मचाऱ्यांवरील हिंसाचाराविरुद्धचा राज्याचा २०१० चा कायदा अमलात आणावा लागतो. झोप न लागणे, सतत उदासी किंवा जगणे नकोसे वाटणे अशी लक्षणे असल्यास मानसोपचारच हवा. ‘टेलिमानस’ या दूरध्वनीवरील मानसिक आरोग्यसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक त्यासाठी आहे. आभासी विश्रांतीची जागा व्यवस्थेतील बदल आणि मानसोपचार या दोहोंच्या मधली, आणि तिची पहिली अट यंत्राची नाही: पाळीच्या तक्त्यात ती दहा मिनिटे लिहिलेली असावीत आणि तेवढा वेळ रुग्णांकडे पाहणारे दुसरे कोणी असावे.