पहिले सिझेरियन टाळता येईल का?

मागच्या आठवड्यात दिंडोरीजवळच्या खेड्यातून एक आजी सुनेला घेऊन आल्या. सून पहिलटकरीण, सातवा महिना. आजींनी बसल्याबसल्याच विचारले, "डॉक्टर, आमच्या वेळी सगळ्या घरीच बाळंत व्हायच्या. आता जिचं बघावं तिचं सिझर. असं का हो?"

प्रश्न रास्त आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात २००५-०६ मध्ये शंभरातील ८ ते ९ बाळंतपणे सिझेरियनने होत; २०१९-२१ मध्ये २१ ते २२ झाली. महाराष्ट्रात तेव्हा हा आकडा २५ होता. खासगी रुग्णालयांत तो सरकारीपेक्षा जास्त असतो, तेव्हा सगळा दोष आईच्या माथी मारता येणार नाही. पण काही कारणे आईच्या प्रकृतीतही असतात.

पस्तिशीनंतरचे पहिले बाळंतपण, वाढलेले वजन, रक्तदाब, मधुमेह ही त्यांतली मुख्य. वजन फार असल्यास कळांचा जोर कमी पडू शकतो. आईची साखर वाढली की बाळ जास्त पोसते आणि वाट अडते. उंची १४५ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास कटिभाग अरुंद असण्याची शक्यता असते. वय आणि उंची बदलत नाही. वजन, साखर, रक्तदाब मात्र आटोक्यात ठेवता येतात.

पहिल्याच खेपेला जपायचे, कारण गर्भाशयावर एकदा व्रण राहिला की पुढच्या खेपेलाही बहुधा सिझेरियनच होते. वार व्रणावर चिकटून जीवघेणा रक्तस्राव होण्याचा धोका दर शस्त्रक्रियेगणिक वाढतो.

सुनेला ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासले. साखर १५८ निघाली. ती १४० च्या आत हवी. "दोन जिवांची" म्हणून आजी तिला रोज लाडू भरवत होत्या! लाडू बंद केले. भाकरी, डाळ, पालेभाजी आणि जेवणानंतर चालणे सांगितले. आठवड्याने पुन्हा तपासणी.

सिझेरियन हा शत्रू नव्हे. बाळ आडवे असेल, त्याचे ठोके बिघडले असतील, वार तोंडाशी असेल, तर क्षणाचाही उशीर नको. मी आजींना विचारले, "तुमच्या वेळी सगळ्याच सुखरूप सुटल्या का?" त्या गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "धाकटी जाऊ गेली. दोन दिवस अडली होती."

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. दिवस राहताच जा. सातव्या महिन्याची वाट पाहू नका.