बडोद्याचे ऊन आणि बडोद्याचा उकाडा

ऋतू सहा आणि प्रत्येक ऋतूचे महिने दोन, हा पाठ आपण शिक्षक पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून घोकून घेत आलो आहोत. चैत्र-वैशाख वसंत, ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म, आश्विन-कार्तिक शरद. काव्याच्या अभ्यासास हा पाठ अवश्य आहे. परंतु बडोद्याच्या मुलाने तो पाठ करून खिडकीबाहेर पाहिले, तर त्याचा गोंधळच व्हावयाचा. पुस्तकातला वसंत येथे एप्रिल-मे महिन्यांत येतो, आणि वर्षातील सर्वांत कडक ऊन नेमके तेव्हाच पडते. लोकभाषेला हे ठाऊक आहे. म्हणूनच ती 'वैशाखवणवा' म्हणते.

प्रथम आकडे पाहू. जानेवारीत येथील दुपारचे सरासरी कमाल तपमान सुमारे ३० अंश सेल्सिअस, तर पहाटेचे किमान सुमारे १२ अंश असते. मार्चमध्ये कमाल तपमान ३७ च्या आसपास जाते. एप्रिल-मे महिन्यांत ते ४० पर्यंत, किंबहुना त्याहूनही वर चढते. ऑगस्टमध्ये ते ३१-३२ वर उतरते. आणि पावसाळा सरला की ऑक्टोबरात पुन्हा ३६ च्या जवळ येते. म्हणजे वर्षाच्या आलेखाला दोन शिखरे आहेत, एक उंच आणि एक ठेंगणे.

असे का व्हावे? बडोदे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस, सुमारे २२.३ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा, जूनच्या आरंभी व जुलैच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, थेट माथ्यावर येतो. केवळ सूर्याचा हिशेब धरला तर जून-जुलै हे सर्वांत तप्त महिने ठरावयास हवेत. तथापि त्या सुमारास नैर्ऋत्य मोसमी वारे ढग घेऊन येतात व सूर्याचा मार्ग अडवितात. मे महिन्यात आकाश निरभ्र व जमीन कोरडी असते; सूर्याची सारी उष्णता जमीन व हवा तापविण्यातच खर्च होते. ऑक्टोबरात ढग निघून जातात, आणि सूर्य दक्षिणेस कलला असला तरी ऊन पुन्हा जाणवू लागते. हिवाळ्यात कोरडी हवा व स्वच्छ आकाश यांमुळे दिवसाची ऊब रात्री झपाट्याने निघून जाते. म्हणून जानेवारीत दिवस-रात्रीच्या तपमानांत अठरा अंशांचे अंतर पडते. ऑगस्टमध्ये ढगांच्या पांघरुणाखाली ते सहा-सात अंशांवर येते.

येथवरचा भाग वर्गात शिकविण्याजोगा आहे, आणि मी तो पुष्कळ वर्षे शिकविला. तरीही एक गोष्ट मला फार उशिरा कळली. काही वर्षांपूर्वी, जूनमध्ये शाळा उघडल्यावर, पाऊस अद्याप आला नव्हता. पारा ३७ वर होता. मेमधील ४१ च्या मानाने हे सौम्यच, असे समजून मी प्रार्थना मैदानावर घेतली व तीत दोन शब्द बोलण्यासही उभा राहिलो. दोनाचे दोनशे झाले. पाचवीतली एक मुलगी घेरी येऊन पडली. ती लवकरच सावरली. परंतु माझा हिशेब कोठे चुकला हे शोधल्यावाचून मला चैन पडेना.

चूक अशी होती की मी हवेचेच तपमान पाहिले. मुलीच्या घामाचा विचार केला नाही. घाम वाळतो तेव्हा शरीर निवते, आणि दमट हवेत तो वाळत नाही. तपमापकाच्या फुग्याला ओले मलमल गुंडाळले म्हणजे हा फरक डोळ्यांना दिसतो. हवा ४१ अंश आणि आर्द्रता २० टक्के असता असा ओला तपमापक सुमारे २३ अंश दाखवितो. हवा ३७ अंश आणि आर्द्रता ५० टक्के असता तो सुमारे २८ वर जातो. कोरडा पारा उतरला असता ओला पारा चढलेला असतो, आणि शरीराचे दुःख ओल्या पाऱ्याला अधिक कळते. शिवाय जूनच्या रात्रीही वर्षातील सर्वांत उबदार असतात. सकाळी शाळेत येणारे मूल रात्रीची नीट विश्रांती घेऊन आलेले नसते.

अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला आणि पुष्कळ माणसे दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेपासून बचावाची योजना आखली. शहरे अशी शिकतात. शाळांनीही शिकले पाहिजे.

आश्चर्य असे की आपल्या भाषेने हा भेद केव्हाच केला आहे. 'ऊन', 'झळ', 'काहिली' हे शब्द कोरड्या तापाचे. 'उकाडा' आणि 'घुसमट' हे दमट तापाचे. मे महिन्यात आपण उन्हाची तक्रार करतो, जूनमध्ये उकाड्याची. मी शब्दांचा अर्थ मुलांना सांगत होतो, पण स्वतः तो ऐकत नव्हतो.

आता आमच्या शाळेच्या ओट्यावर दोन तपमापक टांगलेले असतात, एक कोरडा व एक ओला. सातवीची मुले रोज त्यांची नोंद करितात. पहिला पाऊस पडेपर्यंत प्रार्थना सावलीत, बसून होते; आणि मुख्याध्यापकांचे दोन शब्द खरोखरीच दोन असतात.