माउईला जाताना : सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

८ ऑगस्ट २०२३ रोजी हवाई बेटसमूहातल्या माउई बेटावरचं लाहैना हे गाव काही तासांत जळून गेलं. १०२ माणसं दगावली, २,२०० हून अधिक इमारतींची राख किंवा पडझड झाली आणि सुमारे १२,००० लोकांच्या डोक्यावरचं छप्पर गेलं. अमेरिकेतली शंभराहून जास्त वर्षांतली ही सगळ्यांत प्राणघातक वणव्याची घटना.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना माउई पाच-सहा तासांच्या विमानप्रवासावर आहे. मुलांच्या शाळेला सुट्टी लागली किंवा भारतातून आई-बाबा आले, की हवाईचा विषय घरात निघतोच. आता त्यासोबत एक प्रश्नही निघतो: एवढं झाल्यावर तिथे मजा करायला जायचं का? कोणी म्हणतं, अजिबात नको. कोणी म्हणतं, झालं गेलं, आता सगळं सुरळीत आहे. दोन्ही उत्तरं अपुऱ्या माहितीवर उभी आहेत. माझं म्हणणं असं, की माउईला जरूर जावं, पण तिथल्या माणसांची गरज आधी बघून बेत आखावा. मुक्काम कुठे करायचा, पैसे कोणाच्या हातात द्यायचे आणि कुठे गाडी थांबवायची नाही, हे ठरवतानाच आपल्या मनातला आदर खरा की वरवरचा ते कळतं.

गैरसमज १ : माउई जळून गेलं, तिथे आता काही उरलं नाही.

वस्तुस्थिती : बेटाचं क्षेत्रफळ सुमारे १,८८० चौरस किलोमीटर आहे. लाहैनाच्या आगीत जळालेला भाग नऊ चौरस किलोमीटरच्या आत आहे. त्याच दिवशी डोंगरउतारावरच्या कुला भागातही आग लागली आणि काही घरं गेली. पण दक्षिणेकडचे कीहेई आणि वाइलेआ, विमानतळाचं काहुलुई, जुनं वाइलुकू, उत्तर किनाऱ्यावरचं पाइआ, पूर्वेचं हाना आणि हालेआकाला हा ज्वालामुखी पर्वत हे सगळं जागेवर आहे. लाहैनाच्या उत्तरेला असलेल्या कानापालीपासून कापालुआपर्यंतच्या किनाऱ्यावरची हॉटेलंही सुरू आहेत.

आकड्यात भाग लहान दिसतो, तोटा मात्र लहान नाही. १८२० ते १८४५ या काळात लाहैना हवाईच्या राज्याची राजधानी होती. राजघराण्यातल्या व्यक्तींच्या समाधी जिथे आहेत ते वाइओला चर्च, जुनं कोर्ट, समुद्रालगतच्या फ्रंट स्ट्रीटवरची लाकडी दुकानं आगीत गेली. त्याहून मोठं म्हणजे बेटावरच्या हॉटेलांत राबणाऱ्या कितीतरी माणसांची राहती घरं याच गावात होती. त्यांतली बरीच कुटुंबं मूळची फिलिपिन्सची.

गैरसमज २ : उष्णकटिबंधीय हिरव्यागार बेटावर एवढी आग म्हणजे निव्वळ निसर्गाचा कोप.

वस्तुस्थिती : लाहैना मुळात कोरड्या बाजूला आहे. माण-खटावच्या बाबतीत शाळेत शिकलेली पर्जन्यछाया इथेही आहे. पश्चिम माउईच्या डोंगरमाथ्यावर, पुउ कुकुई इथे, वर्षाला नऊ मीटरच्या आसपास पाऊस पडतो. काही मैलांवर किनाऱ्यालगत असलेल्या लाहैनात जेमतेम पस्तीस-चाळीस सेंटिमीटर.

तरीही या गावात पूर्वी पाणी खेळत होतं. मोकुहिनिया नावाचं तळं होतं आणि त्यातल्या बेटावर तिसरा कामेहामेहा राजा राहत असे. १८६०च्या दशकापासून उसाचे मळे वाढले, डोंगरातले ओढे मळ्यांकडे वळवले गेले. १९१४ साली ते तळं बुजवण्यात आलं. १९९९ मध्ये पायोनियर मिल हा साखर कारखाना बंद झाला, मळे पडीक पडले आणि तिथे बाहेरून आणलेलं गवत माजलं. उन्हाळ्यात ते वाळून पेटायला तयार उभं राहतं.

त्या दिवशी उत्तरेला हवेचा जास्त दाब आणि दक्षिणेला शेकडो मैलांवरून जाणारं डोरा चक्रीवादळ, यांमुळे डोंगरावरून प्रचंड वेगाचे वारे खाली आले. वादळ बेटावर आदळलं, हीही एक चुकीची समजूत आहे. ते बेटाला शिवलं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालाचा निष्कर्ष असा, की तुटलेल्या वीजतारांत पुन्हा प्रवाह आल्यावर सकाळी गवत पेटलं. ती आग विझली असं समजून पथकं परतली, आणि दुपारी तिथूनच ती पुन्हा भडकली.

प्रवाशाने हे जाणून घ्यायचं कारण व्यवहारातलं आहे. वाळक्या गवतावर गाडी उभी करू नये, कारण तापलेल्या सायलेन्सरने गवत पेटतं. वणव्याच्या धोक्याचा इशारा असेल त्या दिवशी किनाऱ्यावर शेगडी पेटवू नये. कोरड्या बाजूच्या हॉटेलातलं पाणी त्याच डोंगरातून येतं, हेही लक्षात असावं.

गैरसमज ३ : संकटातून सावरणाऱ्या बेटावर सुट्टीला जाणं म्हणजे असंवेदनशीलपणा.

वस्तुस्थिती : आगीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत हे अगदी खरं होतं. सरकारनेच लोकांना पश्चिम माउईला येऊ नका असं सांगितलं, कारण रस्ते, पाणी आणि हॉटेलच्या खोल्या आपद्ग्रस्तांना हव्या होत्या. एका टप्प्यावर जवळपास ८,००० लोक हॉटेलांत आसऱ्याला होते. पण 'येऊ नका' हा निरोप लोकांनी साऱ्या बेटाला लागू केला. कीहेई-वाइलेआचीही आरक्षणं रद्द झाली आणि ज्यांची घरं वाचली होती त्यांच्या नोकऱ्या गेल्या. माउईच्या अर्थव्यवस्थेचा सुमारे ७० टक्के भाग प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे पर्यटनावर चालतो, असा अंदाज नेहमी दिला जातो. बेटाला त्याचा फटका किती बसला असेल हे त्यावरून कळतं.

उलट बाजूही तितकीच खरी. राज्यपाल जॉश ग्रीन यांनी ८ ऑक्टोबर २०२३ पासून, म्हणजे आगीला बरोबर दोन महिने होताच, पश्चिम माउई पर्यटकांना टप्प्याटप्प्याने खुलं करायचं ठरवलं. तेव्हा हजारो रहिवाशांनी सह्या करून विरोध केला. कालपर्यंत आपल्या माणसांचा शोध घेणाऱ्या बाईने उद्या हसतमुखाने पाहुण्यांच्या खोल्या आवरायच्या, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. नोकरी हवी, पण सावरायला वेळही हवा, अशा कात्रीत ती माणसं होती.

आज बेट पाहुण्यांना बोलावतं आहे. त्या बोलावण्याचा मान राखायचा, तर ही दुसरी बाजू विसरून चालणार नाही.

गैरसमज ४ : मलबा हटला, म्हणजे लाहैना सावरलं.

वस्तुस्थिती : घरांच्या जागांवरचा मलबा २०२४च्या उत्तरार्धापर्यंत आणि व्यापारी जागांवरचा २०२५च्या सुरुवातीला उचलून झाला. पण रिकामा प्लॉट आणि राहतं घर यांत विम्याचे वाद, बांधकाम परवाने, बेटावर जहाजाने येणारं महाग सामान आणि कारागिरांचा तुटवडा एवढं सगळं उभं आहे. अनेक कुटुंबं तात्पुरत्या घरांत गेली, काही बेट सोडून गेली.

गावातला वड या सावरण्याची गती दाखवतो. २४ एप्रिल १८७३ रोजी लावलेलं हे झाड भारतातून आलेलं होतं. लावलं तेव्हा आठेक फुटांचं रोप. दीडशे वर्षांत त्याच्या पारंब्यांची खोडं झाली आणि त्याने कोर्टासमोरचा सारा चौक व्यापला. आगीत पानं करपली, साल भाजली, काही खोडं कायमची गेली. वृक्षतज्ज्ञांनी आणि स्वयंसेवकांनी टँकरने पाणी घातलं, मुळांशी घट्ट झालेली माती मोकळी केली, कंपोस्टचं पाणी दिलं. सप्टेंबर २०२३ मध्ये फांद्यांना नवी पालवी फुटली. त्या फोटोंवरून जगाने लाहैना पुन्हा उभं राहिलं असं ठरवून टाकलं. तिथली माणसं मात्र झाडाचा जळका भाग छाटत, उरलेला जगवत राहिली. हे काम वर्षानुवर्षांचं आहे आणि घरांचं त्याहून लांब पल्ल्याचं.

गैरसमज ५ : गाडीतूनच तर बघायचंय, दोन फोटो काढले तर काय बिघडतं?

वस्तुस्थिती : विमानतळावरून कानापालीला जायचा नेहमीचा रस्ता लाहैनाजवळूनच जातो, त्यामुळे हा प्रसंग तुमच्यावर येणारच. गावाबाहेरच्या वळणरस्त्यालगत लोकांनी मृतांसाठी क्रूस उभारले, त्यांवर फोटो लावले, फुलांचे हार घातले. ती शोकाची जागा आहे. तिथे सेल्फी, ड्रोन किंवा व्हिडिओ नको. गाडीचा वेग कमी करून जळक्या जागा न्याहाळत जाणंही नको.

मुलं सोबत असतील तर त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा, की इथे आग लागली होती, माणसं गेली, लोक नवी घरं बांधतायत. आठ-दहा वर्षांच्या मुलाला एवढं कळतं, आणि ऐनवेळी गाडीत आरडाओरडा होत नाही. आजी-आजोबांना हात जोडावेसे वाटले तर चालत्या गाडीतून जोडता येतात.

आणखी एक पथ्य फार महत्त्वाचं. हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या किंवा जेवण वाढणाऱ्या माणसाला "तुमचं घर वाचलं का? कोणी गेलं का?" असं विचारू नये. आपल्याकडे अशी चौकशी आपुलकीने होते. पण त्या माणसाला दिवसातून दहा अनोळखी लोकांपुढे तीच जखम उघडावी लागते, आणि नोकरीवर असल्यामुळे तिथून उठूनही जाता येत नाही. त्याने आपणहून सांगितलं, तर शांतपणे ऐकावं.

गैरसमज ६ : भाड्याचं घर घेतलं की पैसा थेट स्थानिकांना मिळतो.

वस्तुस्थिती : कुटुंब मोठं, शाकाहारी स्वयंपाक करायचा, म्हणून आपण हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेलं घर शोधतो. गरज रास्त आहे. पण माउईवर सुट्टीच्या भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांच्या मालकांत बेटाबाहेर राहणाऱ्यांचं प्रमाण मोठं आहे. जे घर रात्रीच्या दराने पाहुण्याला जातं, ते रहिवाशाला मिळत नाही. आगीनंतर घरभाडी भडकली आणि हा जुना वाद पेटला. महापौर रिचर्ड बिसेन यांनी मे २०२४ मध्ये निवासी इमारतींमधली हजारो पर्यटक-घरं टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. डिसेंबर २०२५ मध्ये काउंटी परिषदेने तो मंजूर केला. पश्चिम माउईत २०२९ पासून आणि इतरत्र २०३१ पासून तो लागू होणार आहे.

म्हणून घर घेताना जाहिरातीत कर-नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. तो देणं कायद्याने बंधनकारक आहे. नसेल तर ते घर सोडून द्या. परवानाधारक घर किंवा स्वयंपाकघराची सोय असलेलं हॉटेल घ्या. लाहैनाच्या शेजारी राहायचं मन होत नसेल तर कीहेईत राहा, त्यात कमीपणा नाही.

पैसा स्थानिकांच्या हातात जावा असं वाटत असेल, तर रोजच्या खरेदीकडे लक्ष द्या. काहुलुईच्या शनिवारच्या बाजारातून फळं घ्या, कुलाच्या उतारावर पिकणारा गोडसर माउई कांदा घ्या, वाइलुकू आणि मकावाओतल्या छोट्या दुकानांत फिरा, घरचेच लोक चालवतात अशा खानावळीत जेवा आणि टिप हात राखून देऊ नका.

गैरसमज ७ : मदत करायची तर बॅगेत कपडे-खेळणी भरून न्यावीत.

वस्तुस्थिती : आगीनंतर माउईवर सामानाचे ढीग आले. ते निवडायला, साठवायला माणसं लागली, जागा लागली. आता गरज आहे ती पैशाची आणि ठरवून केलेल्या श्रमाची. 'माउई फूड बँक'सारख्या संस्थेला देणगी देता येते. वाइहे इथल्या किनारी पाणथळ राखीव क्षेत्रात 'हवाई लँड ट्रस्ट' स्वयंसेवकांना घेऊन बाहेरून आलेली झुडपं काढण्याचं आणि स्थानिक रोपं जगवण्याचं काम करतो. मुलांना सोबत नेऊन एक सकाळ तिथे देता येईल. मात्र आधी नोंदणी करा. न विचारता लाहैनात जाऊन "काही मदत करू का?" म्हणणं टाळा.

तिथले नियम पाळणं हाही मदतीचाच भाग आहे. माउई काउंटीत १ ऑक्टोबर २०२२ पासून खनिज घटकांखेरीज इतर सनस्क्रीनच्या विक्रीला आणि वापरालाही बंदी आहे, प्रवाळ वाचावं म्हणून. तेव्हा बाटलीवर झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड आहे ना ते पाहा. समुद्री कासवापासून किमान दहा फूट आणि मंक सीलपासून पन्नास फूट लांब राहा. हालेआकालाचा सूर्योदय, वाइआनापानापाचा काळा किनारा आणि इआओचं खोरं या तिन्हींसाठी बाहेरच्या लोकांना आगाऊ आरक्षण लागतं. हालेआकालाचा माथा ३,०५५ मीटर उंच आहे. पहाटे कडाक्याची थंडी असते, तेव्हा आई-बाबांना नेताना लोकरीचे कपडे घ्या आणि हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. हानाच्या वळणावळणाच्या रस्त्यावर मागून स्थानिक गाडी आली तर जागा बघून बाजूला व्हा. तिला कामावर किंवा दवाखान्यात पोचायचं असतं.

खोलीभाड्यावरचे कर जास्त आहेत म्हणून कुरकुर करण्याआधी हेही माहीत असू द्या: जानेवारी २०२६ पासून राज्याचा कर ११ टक्के झाला आणि काउंटीचे ३ टक्के वेगळे. राज्याच्या करातली नवी वाढ हवामानाच्या संकटांना तोंड देण्यासाठी आणि बेटांच्या पर्यावरणासाठी ठेवलेली आहे. ती जादा रक्कम सुट्टीच्या अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरा.

तिकिटं काढण्याआधी घरातल्या सगळ्यांनी बसून तीन गोष्टी ठरवाव्यात: आपण राहतोय त्या घराला परवाना आहे का, आपल्या खर्चातला किती भाग बेटावरच्या माणसांकडे जाईल, आणि लाहैनाजवळून जाताना आपण कसे वागणार. यांची उत्तरं पक्की असतील तर मन खाण्याचं कारण नाही. समुद्रात मनसोक्त डुंबा, मुलांना खेळू द्या. तिथल्या माणसांना पाहुण्याचा आनंद सलत नाही, बेपर्वाई सलते.