कोडिंगच्या स्पर्धा दिल्या तर वालचंदला फायदा होतो का?

ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकणं जमत नाही, किंवा ज्यांना आकडे डोळ्यांनी बघायचेत, त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा लिखित भाग.

साताऱ्याहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता. "दादा, मी अकरावी सायन्सला आहे. कोडिंगच्या स्पर्धा दिल्या तर वालचंदला ॲडमिशन मिळायला उपयोग होईल का?"

सरळ उत्तर देतो. नाही. शून्य. सांगलीचं वालचंद असो, कराडचं गव्हर्नमेंट कॉलेज असो, नाहीतर इस्लामपूरजवळचं राजारामबापू, तिथल्या बहुतेक जागा कॅप राउंडमधून एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर भरतात, काही जेईईवर. सीईटी २०० मार्कांची: गणित १००, फिजिक्स ५०, केमिस्ट्री ५०. त्यात तुमच्या कोडिंगच्या मेडलसाठी रकानाच नाही. हे आधीच सांगितलं, कारण "स्पर्धा द्या, करिअर घडवा" म्हणत फी घेणारे पुष्कळ आहेत. नावात ऑलिंपियाड आणि आत चार पर्यायांचे प्रश्न, शेवटी सगळ्यांना सर्टिफिकेट! ते घरी भिंतीवर लावा, हरकत नाही. ॲडमिशनला चालत नाही.

मग खरी स्पर्धा कुठली? इंडियन कॉम्प्युटिंग ऑलिंपियाड. ती आयएआरसीएस नावाची संस्था घेते. त्यातून निवडलेले चार जण इंटरनॅशनल ऑलिंपियाड इन इन्फॉर्मेटिक्सला, म्हणजे आयओआयला जातात. आयओआय १९८९ मध्ये बल्गेरियात सुरू झालं, भारताची टीम पहिल्यांदा गेली २००२ मध्ये. तिथे दोन दिवस, रोज पाच तास, रोज तीन प्रश्न, एकूण ६०० मार्क.

तिथपर्यंत जायचे टप्पे आतापर्यंत साधारण असे राहिलेत. पहिला झोनलचा, आणि त्याचे दोन प्रकार. झेडसीओमध्ये कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहायचा. झेडआयओमध्ये कॉम्प्युटरच नाही! कागद, पेन आणि डोकं, उत्तर म्हणून फक्त आकडे लिहायचे. घरी लॅपटॉप नसलेल्यांनी हे वाक्य परत वाचा. झोनलमधून निवडलेले आयएनओआयला बसतात आणि त्यातले तीसेक जण ट्रेनिंग कॅम्पला जातात. झोनल बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरात, आयएनओआय जानेवारीच्या आसपास. म्हणजे बारावीत असाल तर बोर्डाच्या ऐन तोंडावर. म्हणून ही नववी ते अकरावीत करायची गोष्ट आहे. तारखा, वयाची अट, केंद्र हे सगळं त्या-त्या वर्षी संस्थेच्या साइटवर बघा, व्हॉट्सॲप फॉरवर्डवर नको.

मला या परीक्षेचं नाव कळलं ते इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलच्या मेसमध्ये, दिल्लीच्या एका पोराकडून. तोवर वय निघून गेलं होतं. आमच्याकडे हुशार पोरं कमी नव्हती, नोटीस लावणारं कुणी नव्हतं. हा एपिसोड म्हणजे ती नोटीस समजा.

आता स्पर्धेतला प्रश्न असतो कसा, ते आपल्या हळदीवर बघू. सांगलीजवळच्या हरिपूरला पूर्वीपासून जमिनीखाली पेवं आहेत, त्यांत हळद साठवायची आणि भाव आला की काढायची. समजा, सलग सहा दिवसांचा क्विंटलचा भाव हजारांत असा आहे: १२, ९, १४, ७, ११, १०. एकदाच घ्यायची, नंतर कधीतरी एकदाच विकायची. जास्तीत जास्त नफा किती?

घाईत माणूस म्हणतो, सगळ्यात कमी ७, सगळ्यात जास्त १४, नफा ७. चूक! १४ चा भाव तिसऱ्या दिवशी होता आणि ७ चा चौथ्या. आधी विकून मग घेता येत नाही. खरं उत्तर ५: ९ ला घ्या, १४ ला विका.

प्रोग्राम लिहायचा तर पहिला विचार असा येतो की प्रत्येक दिवशी घेऊन पाहू आणि पुढच्या प्रत्येक दिवशी विकून पाहू. सहा दिवसांना ठीक आहे. पण प्रश्नात दिवस २ लाख असतात आणि वेळ एक सेकंद. जोड्या होतात जवळपास २,००० कोटी. कॉम्प्युटर ढोबळमानाने सेकंदाला १० कोटी सोप्या क्रिया करतो असं धरा. म्हणजे २०० सेकंद, तीन मिनिटांच्या वर. स्क्रीनवर येतं 'टाइम लिमिट एक्सीडेड', आणि पोराला वाटतं आपला कोड चुकला. कोड बरोबर होता, पद्धत महाग होती.

आता व्यापाऱ्यासारखा विचार करा. आज विकायचं ठरवलं, तर खरेदी कधीची बरी? आजपर्यंतच्या सगळ्यात कमी भावाची. मग तेवढा एकच आकडा लक्षात ठेवून यादीतून एकदा चालत जायचं. १२, किमान १२. पुढे ९, किमान ९. पुढे १४, नफा ५, लिहून ठेवा. पुढे ७, किमान ७. पुढे ११, नफा ४, पाचापेक्षा कमी, सोडा. १० ला नफा ३. संपलं. २ लाख दिवसांसाठी २ लाख पावलं, सेकंदाचा एक बारीकसा तुकडा.

तरी यात खड्डे आहेतच. भाव रोज पडतच गेला तर? उत्तर ० यायला हवं, उणे नाही. आणि किमान भाव सुरुवातीला ० ठेवलात तर प्रोग्रामला वाटणार की हळद फुकट मिळाली होती. मी स्वतः असली चूक इतक्यांदा केलीय की मोजणं सोडलं.

आता उपयोगाचं. कॅपमध्ये शून्य असलं तरी काही दारं याच किल्लीने उघडतात. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट राष्ट्रीय ऑलिंपियाडमधल्या कामगिरीवर काही विद्यार्थ्यांना बीएस्सीला थेट घेते. हैदराबादच्या ट्रिपल आयटीत ऑलिंपियाडचा वेगळा मार्ग आहे. २०२५-२६ पासून आयआयटी कानपूर आणि आयआयटी मद्रासनेही ऑलिंपियाडवाल्यांसाठी थोड्या जागा ठेवल्या. जागा खरंच मोजक्या आहेत, अटीही आहेत, म्हणून यावर भिस्त ठेवून सीईटी सोडायची नाही. परदेशी अर्ज करणार असाल तर आयएनओआयपर्यंतची मजल अर्जात जरूर लिहा.

तयारीला पैसे लागत नाहीत. आयएआरसीएसच्या साइटवर जुने पेपर आहेत. सीएसईएसचा प्रश्नसंच फुकट आहे. जपानच्या ॲटकोडरची सोपी स्पर्धा बहुतेक शनिवारी आपल्या संध्याकाळी साडेपाचला असते आणि कोडफोर्सेसचे बरेच राउंड रात्री ८.०५ ला, जेवणाच्या वेळेला, त्यामुळे घरी आधी सांगून ठेवा. लॅपटॉप नसेल तर फोनच्या ब्राउझरमध्ये सी प्लस प्लस चालतं. टाइप करताना बोटं दुखतात, म्हणून आधी वहीत पूर्ण सोडवा, मग टाइप करा. प्रश्न इंग्रजीत असतात. सुरुवातीला प्रत्येक प्रश्न आपल्या शब्दांत मराठीत लिहून काढा. निम्म्या वेळा अडचण कोडिंगची नसते, प्रश्नच नीट कळलेला नसतो.

अकरावीत आठवड्याला चार तास पुरे. बारावीचा नोव्हेंबर उजाडला आणि झोनल झाली नसेल, तर थांबा आणि फिजिक्सचं पुस्तक उघडा. मी माझ्या सख्ख्या भावालाही हेच सांगितलं असतं.

आणि हो, एक गृहपाठ. त्याच हळदीत दोनदा खरेदी-विक्री करायची मुभा दिली, पण पहिली विकल्याशिवाय दुसरी घ्यायची नाही, तर वरच्या सहा दिवसांत नफा किती? उत्तर सोपं आहे, २ लाख दिवसांसाठीची पद्धत नाही. ती वहीत लिहा, फोटो पाठवा, पुढच्या एपिसोडला बोलू.