हौशी सॉफ्टवेअरची गोष्ट (लेखांक ७) : तारीख पक्की, यादी सैल

मुक्त परवान्यामुळे सोर्सकोड कोणालाही घेता, बदलता आणि वाटता येतो, हे गेल्या आठवड्यात आपण पाहिलं. आता पुढचा प्रश्न. दहा माणसं दहा दिशांना कोड बदलू लागली, तर त्यातून चालणारी वस्तू बाहेर पडते कशी? इथे पगार नाही, साहेब नाही. ‘अमुक दिवशी हे हवंच’ असं कोणी कोणाला बजावू शकत नाही. मग नियोजन करायचं तरी कशाचं?

फ्लाइटगिअर या विमान उडवण्याच्या मोफत सिम्युलेटरचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. १९९६ साली डेव्हिड मर यांनी त्याचा प्रस्ताव मांडला. प्रत्यक्ष जोर आला तो १९९७ मध्ये, कर्ट ओल्सन यांनी ओपनजीएल ही त्रिमितीय चित्रं काढण्याची प्रणाली वापरून काम हाती घेतल्यावर. उड्डाणाचं गणित सुरुवातीला नासाच्या लँग्ली केंद्रातल्या लार्कसिम या प्रोग्रॅमवरून घेतलं होतं; पुढे त्या गणितासाठी जेएसबीसिमसारखे स्वतंत्र प्रोग्रॅम आले. १.० ही आवृत्ती मात्र डिसेंबर २००७ मध्ये निघाली. त्यानंतर १.९ डिसेंबर २००८ला, २.० फेब्रुवारी २०१०ला आणि २.४ ऑगस्ट २०११ला. म्हणजे कधी वर्षाचं अंतर, कधी दीड वर्षाचं.

ठरलेली तारीख नसली की असं होतं. ‘माझं एवढं होऊ द्या, मग आवृत्ती काढू’ असं प्रत्येकाला वाटतं. एकाचं होतं तोवर दुसऱ्याचं अर्धवट निघतं. घरच्या अडचणी, परीक्षा, नोकरीतली बदली या कारणांनी मधूनच कोणी गायब होतो, आणि त्याच्या अपुऱ्या कामापायी सगळ्यांचं तयार काम अडकून पडतं.

२०११च्या सुमारास या मंडळींनी गणित उलटं मांडलं. यादी पूर्ण झाली की आवृत्ती, हे सोडून दिलं. तारीख आली की आवृत्ती, असं ठरवलं. सहा महिन्यांचं चक्र आखलं. पहिले चार महिने हवं ते करा. १७ जून आणि १७ डिसेंबरला फीचर फ्रीझ, म्हणजे त्यापुढे नवीन काही घालायचं नाही, फक्त दुरुस्त्या. महिन्याभराने आवृत्तीची वेगळी शाखा काढायची, आणि आणखी महिन्याने, १७ ऑगस्ट किंवा १७ फेब्रुवारीला, आवृत्ती बाहेर. मुंबईची लोकल कोणासाठी थांबत नाही. चुकली तर पुढची पकडायची, तसंच. पुढची गाडी नेमकी कधी, हे ठाऊक असल्याने अर्धं काम घुसवण्याची घाई कोणाला राहत नाही.

पण तारखेने अर्धाच प्रश्न सुटतो. एकमेकांना न विचारता काम करता आलं पाहिजे, तरच अशी शिस्त चालते. त्याची सोय कोडच्या रचनेत आहे. सिम्युलेटरमधली बहुतेक माहिती ‘प्रॉपर्टी ट्री’ नावाच्या एका सामायिक झाडात, नावानिशी टांगलेली असते. विमानाच्या पंखांमागची फ्लॅप घ्या. वैमानिकाने दांडा किती ओढला, तो आकडा ‘कंट्रोल्स/फ्लाइट/फ्लॅप्स’ इथे बसतो, ० ते १ मध्ये. दांडा अर्ध्यावर आणला की तिथे लगेच ०.५ दिसतं. खरी फ्लॅप मात्र सावकाश उतरते. ती कुठवर आली, ते ‘सरफेस-पोझिशन्स/फ्लॅप-पॉस-नॉर्म’ सांगतं. उड्डाणाचं गणित लिहिणारा पहिला आकडा वाचतो आणि दुसरा भरतो. पंखाचं चित्र हलवणारा फक्त दुसरा वाचतो. दोघांची गाठ कधी पडली नाही तरी बिघडत नाही. नावं तेवढी ठरलेली हवीत. शिवाय यातलं पुष्कळसं काम एक्सएमएल फाइलींत होतं. सी++ न येणारा विमानवेडाही त्यामुळे सिम्युलेटरमधलं सेसना विमान सुधारू शकतो.

भूभागाचीही अशीच वाटणी आहे. अक्षांश-रेखांशांच्या एकेका अंशाच्या चौकोनांत जग कापलेलं आहे. पुणे ‘ई०७३एन१८’ या फोल्डरात येतं. तिथला डोंगर सुधारताना नॉर्वेतल्या कोणाला धक्का लागत नाही.

सहा महिन्यांचं ते वेळापत्रक मात्र कायम तसंच राहिलं नाही. २०१६पासून आवृत्त्यांना वर्षाचे आकडे लागले, आणि २०२०.३ ही मालिका तर दीर्घकाळ दुरुस्त्या पुरवत चालवली गेली. अशा वेळापत्रकातली एक अडचण उघड आहे. तारीख पाळायची तर विंडोज, मॅक, लिनक्स अशा प्रत्येकासाठी आवृत्ती बांधून तपासणारं कोणीतरी त्या आठवड्यात मोकळं हवं. हे काम किचकट, आणि त्यात मिरवण्यासारखं काही नाही. नवं विमान बनवायला हात पुढे येतात. या कामाला फार थोडे. म्हणून अशा प्रकल्पाचं नियोजन पाहायचं असेल, तर ‘पुढे काय काय येणार’ ही यादी बाजूला ठेवावी. फ्रीझ कधी आणि आवृत्ती बांधणार कोण, एवढं विचारावं. दोन्हींचं उत्तर मिळालं, तर प्रकल्प चालू आहे असं समजायला हरकत नाही.

पुढील लेखांकात : फ्रीझच्या महिन्यात सापडलेल्या चुका. कोणती आधी दुरुस्त करायची, हे ठरवतं कोण?